खांब नंबर सतरा: एका बेघर कुटुंबातल्या तीन मुलांच्या शाळाप्रवेशाचं प्रकरण

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यात शेवटी जे लिहिलं गेलं ते असं: 'उड्डाणपुलाखाली, खांब नं. १७'. ही एक ओळ लिहून व्हायला एक्केचाळीस दिवस लागले, आणि त्यात दिवाळीची सुट्टी धरलेली नाही.

शहराचं, शाळेचं, कुणाचंच नाव देत नाहीये. एक तर ते कुटुंब अजून उघड्यावरच राहतंय, आणि दुसरं म्हणजे यात कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मला वाटत नाही. सगळेजण आपापल्या जागी बरोबरच होते आणि तरी मुलं शाळेबाहेर होती, म्हणून तर लिहायला बसले.

मी नोकरी करते. आठवड्यातनं तीन संध्याकाळी आम्ही चारपाच जण त्या पुलाखाली मुलांना शिकवतो, शिकवतो म्हणजे पाटी, गोष्टी, बेरीज-वजाबाकी, कधी कधी नुसतंच बसणं. संस्था वगैरे काही नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे बस. तिथेच हे कुटुंब भेटलं. मूळचं जालन्याकडचं. बाप सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो, बिगारी काम मिळालं तर मिळालं. आई भंगार गोळा करते. मुलं तीन, मोठी मुलगी अकरा वर्षांची, मधला आठ, धाकटा सहा. मुलगी गावाकडे झेडपीच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली, वाचता येत होतं, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची सवय होती तिला. मधला कधीच कुठल्या शाळेत गेलेला नाही.

ऑगस्टमध्ये अतिक्रमणची गाडी आली होती. दुपारची वेळ, बाप कामावर, आई भंगाराच्या दुकानात, मुलगी धाकट्याला घेऊन खांबापाशी. ताडपत्री, भांडी, गोधड्या गाडीत गेल्या आणि त्याबरोबर एक निळी पिशवी गेली. त्या पिशवीत आईचं आधारकार्ड, रेशनकार्डची झेरॉक्स, धाकट्याचा जन्मदाखला आणि मुलीचं दुसरीचं प्रगतिपुस्तक होतं. आई दोन दिवसांनी गोडाऊनला गेली तर तिथे म्हणाले सामान सोडवायचं तर ओळखपत्र दाखवा. ओळखपत्र पिशवीत, पिशवी गोडाऊनमध्ये. ती परत आली.

आता एक सांगते, मला स्वतःला हे सगळं सुरू होईपर्यंत असं वाटायचं की या मुलांना शाळेत घालत नाहीत कारण आईबापाला पडलेली नसते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. पण ही बाई आमच्याशी ओळख व्हायच्या आधी स्वतःहून दोनदा शाळेत जाऊन आली होती! पहिल्यांदा गेटवरनंच शिपायाने परत पाठवलं, आधार घेऊन या म्हणून. दुसऱ्यांदा ऑफिसपर्यंत पोचली, तिथे म्हणाले लाईटबिल नाहीतर भाडेकरार, काहीतरी पत्त्याचं आणा, आणि मुलीचा आधीच्या शाळेचा दाखला आणा. 'नाही घेणार' असं कुणीच म्हटलं नाही. 'आणा' म्हटलं. आणि 'आणा' म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं, ती परत गेलीच नाही.

या 'आणा'ची कुठेच नोंद होत नाही हा पहिला मुद्दा. कुणी विचारलं की शाळेने किती मुलं नाकारली तर उत्तर शून्य येणार, आणि ते खोटंही नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा या बाईच्या बाजूने अगदी ठाम उभा आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालाय. त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, आणि केंद्राच्या २०१०च्या आदर्श नियमांमध्ये तर जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा एएनएमची, म्हणजे आरोग्य खात्याच्या नर्सची, नोंद, अंगणवाडीची नोंद, किंवा आईबापाने वयाबद्दल लिहून दिलेलं निवेदनसुद्धा चालतं असं स्पष्ट आहे. कलम ५ म्हणतं जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं किंवा लांबवायचं कारण होऊ शकत नाही. कलम १५ म्हणतं वर्ष सुरू होऊन मुदत संपली असली तरी मूल आलं तर घ्यायचं. आधारबद्दल २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही. आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्या केसमध्ये महापालिकेची, जी कर्तव्यं दिलीत त्यात स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश करून घेणं हे वेगळं लिहिलेलं आहे. म्हणजे त्या शिपायाने आणि ऑफिसमधल्या माणसाने मागितलेल्या चारही गोष्टी प्रवेशासाठी लागतच नव्हत्या.

हे सगळं प्रिंट काढून फाईल करून मी सप्टेंबरच्या मध्यावर अर्धा दिवस रजा टाकून शाळेत गेले, आईला बरोबर घेऊन. जरा तावातच गेले होते खरं सांगायचं तर. मुख्याध्यापिका मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, कलमं वाचली, आणि म्हणाल्या, "ताई, हे मला पाठ आहे. मला तुम्ही हे सांगा, ही मुलं डिसेंबरमध्ये इथे असतील का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीतच नव्हतं. शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरतं संचमान्यतेत, म्हणजे पटावर किती मुलं त्यावरनं किती शिक्षकांची पदं मंजूर ते. आणि २०२२-२३ पासून ही संचमान्यता ज्या मुलांचं आधार पोर्टलवर वैध झालंय त्यांच्या संख्येवर धरायला लागले. म्हणजे बिनआधारचं मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, बाईंचा वेळ घेतं, पण पदं मोजताना ते शून्य. शिवाय ते मूल दोन महिन्यांनी निघून गेलं की सतत गैरहजर म्हणून त्याचा खुलासा पुन्हा मॅडमनीच द्यायचा. "कायदा म्हणतो घ्या, पोर्टल म्हणतं मोजणार नाही," असं त्या म्हणाल्या आणि माझा ताव बराचसा उतरला.

म्हणजे बघा, कोर्टाने सांगितलं प्रवेशाला आधार नको, ते शाळाही मान्य करते, पण आधार नसलेलं मूल घेणं शाळेच्या तोट्याचं आहे अशी व्यवस्था मागच्या दाराने तयार झाली. बंदी कुणीच घातली नाही, नुसतं ओझं टाकलं आणि ते पण सगळ्यात खालच्या माणसावर.

तरी मॅडमनी त्याच दिवशी एक गोष्ट केली, मुलगी दाराशी उभी होती तिला म्हणाल्या, "उद्यापासनं येऊन बस, भावांनाही आण, जेवायला बसा, लिहायचं माझं मी बघते." नाव नसताना ताट मिळालं. हे नियमात बसतं का मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

आमच्याकडनं एक शहाणपणाचं काम झालं ते म्हणजे लेखी अर्ज. ग्रुपमधल्या एका दादांनी सुचवलं, ते पूर्वी सरकारी ऑफिसात होते, म्हणाले तोंडी काही बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. आईच्या नावाने, तीन मुलांचे तीन अर्ज, प्रत्येकात 'वयाचे निवेदन' आणि कलम १४चा उल्लेख, पत्त्याच्या जागी जिथे राहतात ती जागा जशी आहे तशी. एक प्रत शाळेत, एक महापालिकेच्या शिक्षण विभागात. आवक क्रमांक पडला आणि वातावरणच बदललं, कारण आता नाही म्हणायचं तर तेही लिहूनच द्यावं लागणार होतं. कलम ३२खाली तक्रार करता येते, स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे, हेही अर्जाच्या शेवटी एका ओळीत टाकलं होतं. ती वेळ आली नाही. पण तीन महिने ही मुदत ज्यांनी ठरवली त्यांनी पुलाखालचं मूल डोळ्यापुढे आणलं नसणार, तीन महिन्यांत या कुटुंबाच्या दोन जागा बदलतात.

शिक्षण विभागातनं जे पहिलं उत्तर आलं, फोनवर, ते ऐकून मात्र आई घाबरली. तिकडनं सुचवलं गेलं की मुलांना बाल कल्याण समितीपुढे हजर करा, बालगृहात ठेवतील, तिथनं शाळा आपोआप होईल. चांगल्या हेतूनेच सुचवलं असेल. २०१५च्या बाल न्याय कायद्यात घर किंवा ठरावीक राहायची जागा नसलेलं आणि पोटापाण्याचं काही साधन दिसत नसलेलं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' धरतात. पण इथे आईबाप होते, कमवत होते, मुलं उपाशी नव्हती, मारहाण नव्हती. आणि त्याच कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असंही लिहिलंय. पुलाखालच्या प्रत्येक आईला ही एकच भीती असते, मुलं उचलून नेतील. त्या रात्री तिने आम्हाला सांगितलं, "ताई, ऱ्हाऊ द्या शाळा." दोन दिवस ती आमच्याकडे बघेना. शाळा हवी तर आई सोड, असा सौदा तिच्यापुढे ठेवला गेला असं तिला वाटलं, आणि तिला तसं वाटलं यात तिचं काय चुकलं?

तिला परत तयार केलं ते आम्ही नाही, मॅडमनी. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर स्वतः पुलाखाली आल्या. खांबाला टेकून दहा मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

मग एकेका मुलाचं काम सुरू झालं, आणि तिघांचं तीन तऱ्हेचं होतं.

मुलीचं त्यातल्या त्यात सोपं निघालं. तिला गावच्या गुरुजींचं आडनाव आठवत होतं. शाळेचा नंबर शोधून फोन लावला, गुरुजींनी जनरल रजिस्टर काढलं, आईच्या नावावरनं मुलगी सापडली, आडनावात एक अक्षर वेगळं होतं. दीर्घकाळ गैरहजर म्हणून नाव कमी केलेलं होतं पण 'सरल'वर, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर, तिचा आयडी होता. नवीन शाळेने पोर्टलवर ट्रान्सफर रिक्वेस्ट पाठवायची आणि जुन्या शाळेने मान्य करायची, की झालं. मॅडमनी पाठवली, गुरुजींनी चारपाच दिवसांत केली. आईला जो दाखला 'आणा' म्हणून सांगितला होता तो आणण्याची सोय मुळात शाळेच्याच कॉम्प्युटरमध्ये होती.

धाकटा महापालिकेच्याच दवाखान्यात जन्मलेला, त्यामुळे नोंद असणारच होती. क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेलो, तारीख आणि आईचं नाव दिलं, सापडली. फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा! दवाखान्यातनं नोंद जाते तेव्हा नाव ठेवलेलं नसतं, नंतर कुणी जाऊन घालतच नाही. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, वर्षानंतर विलंब शुल्क भरून. तिथे परत आईबापाचं ओळखपत्र आलंच. आईचं आधार हरवलं होतं पण नंबर होता, भंगारवाल्याकडे एक झेरॉक्स निघाली, कशी काय तर त्याने कधीतरी उधारीसाठी घेऊन ठेवली होती. त्या झेरॉक्सवर पुढचं सगळं झालं. इतक्या गोष्टी इतक्या योगायोगावर चालतात.

मधल्याचं अवघड. जन्म गावाकडे, घरी, नोंद कुठेच नाही. जन्मनोंदणीला वर्षापेक्षा जास्त उशीर झाला की आदेश लागतो, आधी तो न्यायदंडाधिकाऱ्यांचा असायचा, २०२३च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेलाय, आणि तो पण जिथे जन्म झाला तिथला. म्हणजे गावी जा, तिथल्या फेऱ्या मारा, बापाची रोजी बुडवा. ते आम्ही बाजूला ठेवलं आणि आईच्या निवेदनावर प्रवेश मागितला.

इथे आणखी एक गुंता झाला जो मला अजून सुटलेला नाही. कलम ४ म्हणतं मूल वयानुरूप वर्गात घ्यायचं, म्हणजे आठ वर्षांच्याला तिसरीत, आणि बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. मॅडम म्हणाल्या पहिलीत घालू, त्याला अक्षर ओळखता येत नाही. मी कायद्यावर अडून बसले, तिसरीतच घ्या, लहान मुलांत बसवलं की त्याला लाज वाटेल आणि पळेल. घेतलं तिसरीत. आणि विशेष प्रशिक्षण? त्यासाठी वेगळा माणूस त्या शाळेला नव्हता, दोन वर्ग एका बाईंकडे अशी स्थिती होती. पोरगं तिसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून महिनाभर खिडकीतनं बाहेर बघत राहिलं. कायद्याचा अर्धा भाग मी वाचून दाखवला आणि उरलेला अर्धा कुणाकडेच नव्हता. शेवटी पहिलीच्या बाईंनी स्वतःच तोड काढली, रोज पहिले दोन तास तो 'मदतनीस' म्हणून पहिलीत येणार, लहान भावाच्या वर्गात, वह्या वाटायला. वह्या वाटता वाटता तो बाराखडी शिकला. हे कुठल्या जीआरमध्ये नाही.

असे एक्केचाळीस दिवस गेले आणि नावं पटावर आली.

प्रवेशानंतरच्या गोष्टी कुणी फारशा लिहीत नाही, तिथे आम्हाला खरं शिकायला मिळालं. पहिली अडचण पाणी. मोफत गणवेश मिळाला पण तो धुवायचा कुठे आणि वाळवायचा कुठे. अंघोळीला सार्वजनिक शौचालयात दर माणशी पैसे, तिघांचे रोजचे म्हणजे आईच्या कमाईतनं दिसण्याइतका तुकडा जातो. मग एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड. डिसेंबरात एका पालकाने शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला विषय काढला की पुलाखालची मुलं शेजारी बसतात, वास येतो. ते पालकही काही बंगल्यातले नव्हते, मागच्या वस्तीतलेच होते, दहा बाय दहाच्या खोलीतले. ज्याला कसंबसं छप्पर मिळालंय त्यालाच बिनछपराच्या माणसापासनं आपण वेगळे आहोत हे दाखवायची जास्त गरज वाटते, असं मला तेव्हा वाटलं. असो. मुलीला हे कुणीतरी तोंडावर म्हटलं आणि ती तीन दिवस आली नाही.

मॅडमनी उपाय केला तो असा, शाळा दुपारची होती, मुलीला आणि भावांना अर्धा तास आधी यायला सांगितलं, मागच्या बाजूचं मुलींचं स्वच्छतागृह आणि नळ, एक साबण, एक पंचा. दप्तरं रात्री शाळेच्या कपाटात ठेवायची, कारण पुलाखाली उंदीर आणि पाऊस. गृहपाठ शाळा सुटल्यावर वर्गातच करून जायचा. मुलगी अकराची, आज ना उद्या पाळी सुरू होणार, तेव्हा हे स्वच्छतागृह नसेल तर ती शाळा सोडेल हे मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, मी त्या अंगाने विचारही केला नव्हता. समान संधी समान संधी म्हणतो आपण, ती या केसमध्ये एका नळावर आणि कपाटाच्या एका खणावर टिकून होती.

आणि जानेवारीत परत गाडी आली.

या वेळी सुशोभीकरण होतं, कुंपण घालून खांबांमध्ये झाडं लावायची. कुटुंब तिथनं उठलं आणि सहा किलोमीटरवर एका बांधकामाच्या शेजारी गेलं, बापाला तिथे वॉचमनच्या हाताखाली काम मिळालं म्हणून. आता शाळेतल्या क्लार्कने सांगितलं, तुम्ही आमच्या हद्दीत नाही, दाखला घ्या आणि तिथल्या शाळेत जा.

इथे मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. आपला कायदा 'शेजारच्या शाळे'वर उभा आहे. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं धरतात. ज्याला घर आहे त्याच्यासाठी हे फार चांगलं आहे, सरकारवर बंधन आहे. पण एक किलोमीटर मोजायचा तो कुठून? घरापासनं. या मुलांचं घरच सरकतं, आणि दर वेळी सरकलं की त्यांचं 'शेजार' बदलतं, शेजार बदललं की शाळा बदलते, म्हणजे पुन्हा नवा गेट, नवा शिपाई आणि नवं 'आणा'. खरं तर जवळ शाळा देणं हे सरकारचं बंधन आहे, मुलाने जवळच्याच शाळेत गेलं पाहिजे असं मुलावर बंधन नाही. पण व्यवहारात ते उलटंच वापरलं जातं.

अमेरिकेत १९८७ पासून मॅककिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे, त्यात बेघर मुलाला आधीच्याच शाळेत राहण्याचा हक्क आहे, हितात असेल तर, आणि तिथपर्यंत जायची सोय करायची जबाबदारीही प्रशासनावर आहे. कागदपत्रं नसली तरी लगेच प्रवेश. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारं मूलही त्यात बेघर धरतात. आणि प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला या मुलांसाठी एक ठरलेला माणूस नेमावा लागतो. तिथे सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही, पण विचार कुठून सुरू केलाय ते बघा. त्यांनी शाळा स्थिर धरली आणि घर हलतं धरलं. आपण घर स्थिर धरून शाळा वाटली.

आपल्याकडे हलणाऱ्या मुलांचा विचार झालेलाच नाही असं नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं आहेत, गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी पत्रक देतात म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्यावर घ्यावं. पण ती सगळी आखणी एका ओळखीच्या हालचालीवर बेतलेली आहे, दिवाळीच्या सुमारास जाणार, उन्हाळ्यात परत येणार, मुकादम माहीत, कारखाना माहीत. शहरातल्या पुलाखालची हालचाल एका दुपारी होते, तिला हंगाम नसतो, आणि ती घडवून आणणारी तीच महापालिका असते जिच्या शिक्षण विभागाने कलम ९खाली त्या मुलांची नोंद ठेवायची असते. अतिक्रमणच्या माणसाने गाडी भरताना एक फोन शिक्षण विभागाला करावा एवढी साधी तार या दोन खात्यांमध्ये नाही. मला कुणी विचारलं की एकच गोष्ट बदला तर मी हा फोन मागेन, नवीन योजना नको.

मोजणीचंही तेच. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली होती, देशात १७.७ लाख आणि महाराष्ट्रात साधारण २.१ लाख लोक निघाले. त्या रात्री जो तिथे नव्हता तो नाहीच. राज्यात ४ जुलै २०१५ला शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षणही असंच एका दिवसात उरकलं होतं, त्यावर तेव्हा बरीच टीका झाली.

तर जानेवारीत काय झालं. मुलीने सरळ सांगितलं मी ही शाळा सोडणार नाही, खो-खोच्या टीममध्ये तिचं नाव होतं आणि तिला शाळेत मैत्रीण मिळाली होती, दोन्ही आयुष्यात पहिल्यांदा. मॅडमनी क्लार्कला बाजूला घेतलं आणि नाव ठेवलं. बसपाससाठी बोनाफाईड लागलं ते मिळालं, पासच्या फॉर्मवर पत्ता लागला तिथे मॅडमच्या सांगण्यावरनं शाळेचाच पत्ता टाकला. दोन बस बदलून ती एकटी यायला लागली. अकरा वर्षांची मुलगी, संध्याकाळी साडेपाचनंतर दोन बस, मला ते अजिबात पटत नव्हतं, आम्ही आळीपाळीने तिला दुसऱ्या बसपर्यंत सोडायला जायचो, जमेल तसं. हे काही मॉडेल नाही. उद्या आम्ही दमलो की संपलं.

दोघा भावांना एवढ्या लांब आणणं शक्यच नव्हतं. त्यांना नवीन जागेजवळच्या शाळेत घालायचं ठरलं. तिथे पोर्टलवरनं ट्रान्सफर झाल्यामुळे फार अडलं नाही हे खरं, पण मध्ये पाच आठवडे गेले, आणि मधल्याला तिथल्या वर्गात पहिलीत वह्या वाटायला पाठवणारं कुणी नव्हतं. तो मार्चपासनं गेलेला नाही. बापाबरोबर साइटवर असतो, विटा मोजतो. आईला विचारलं तर म्हणते जाईल जूनपासनं. धाकटा जातो, रोज जातो, त्याला खिचडी आवडते.

तीन मुलं होती, आज त्यातली दोन शाळेत आहेत. याला यश म्हणायचं का यावर आमच्या ग्रुपवर एकदा मोठा वाद झाला, मी म्हटलं तिसऱ्याला विचारा.

मुलगी पाचवी पास होऊन सहावीत गेली. शाळा सातवीपर्यंत आहे. रजिस्टरमधला तिचा पत्ता अजून खांब नं. १७ असाच आहे, तिथे आता कुंपणाच्या आत शोभेची झाडं आहेत. मॅडमना विचारलं बदलायचा का, त्या म्हणाल्या, बदलला की मला तिला हद्दीबाहेरची दाखवावी लागेल, राहू दे.

मधल्याचं आधार राहिलंय. जुलैमध्ये शाळेत कॅम्प आहे म्हणतात. फॉर्म आणून ठेवलाय, बाकी सगळं भरलंय, पत्त्याच्या ओळी तेवढ्या कोऱ्या आहेत.